शिट्टीकडे लक्ष देऊ नका

माझं शेवटचं पोस्टिंग पुण्यात होतं. इंजिनिअर्सची एक फील्ड कंपनी, आणि मी तिची कंपनी कमांडर. त्याआधीची माझी बरीचशी नोकरी डोंगरात रस्ते करण्यात आणि पडलेले रस्ते पुन्हा करण्यात गेली होती. पुण्याची ऑर्डर आली तेव्हा कोथरूडला राहणाऱ्या माझ्या सासूबाई म्हणाल्या, "चला, आता घरच्या घरी नोकरी." मलाही साधारण तसंच वाटलं होतं.

शांततेच्या काळात फील्ड कंपनीचा दिवस ठरलेला असतो. सकाळी पीटी, मग गाड्या आणि यंत्रांची देखभाल, पूल बांधण्याचा सराव, दुपारी कागद. पावसाळ्यात एक काम वाढतं. एक तुकडी कायम स्टँड बाय ठेवायची. अठ्ठावीस माणसं, एक डोझर, ट्रक, दोर, पहारी, फावडी. मुलकी प्रशासनाने मदत मागितली की एका तासात निघायचं.

त्या दिवशी फोन ०५५० ला आला. ०६४५ ला आम्ही गेटबाहेर होतो. चांदणी चौकात ट्रॅफिक होता, पण ट्रेलरवर डोझर असला की पुण्यातले स्कूटरवाले सुद्धा वाट देतात.

घाटाचं नाव लिहीत नाही. पुण्याच्या पश्चिमेचे सगळे घाट पावसात सारखेच वागतात, आणि लोकही तिथे सारखेच वागतात. बातमी अशी होती: रस्त्यावर दोन ठिकाणी दरड कोसळलेली, आणि दोन दरडींच्या मध्ये एक प्रवासी बस आणि दोन मोटारी अडकलेल्या. माणसं तेवीस. कोकणाकडची दरड प्रचंड होती, तिला आठवडा लागला असता. पुण्याकडची चाळीस मीटर रुंद. माणसं बाहेर येणार ती याच बाजूने.

०९१० ला मी जागेवर पोचले. दरडीचा राडारोडा म्हणजे पाण्यात कालवलेली माती आणि त्यात दगड. पहाटे बसमधल्या एका तरुणाने चालत यायचा प्रयत्न केला होता. कमरेपर्यंत रुतला आणि पाठीमागच्यांनी साडी फेकून, तिच्या आधाराने त्याला ओढून काढलं. ढग इतके खाली होते की हेलिकॉप्टरचा विचारच नको. आणि बस उभी होती तिच्या वरच्या कड्यातून तीन ठिकाणी पाणी गळत होतं. डोंगराच्या पोटातून नवं पाणी फुटतं तेव्हा तो डोंगर पुढे पडणार असतो. कधी, एवढंच माहीत नसतं. मी प्रशासनाच्या अधिकाऱ्यांना सांगितलं की संध्याकाळच्या आत माणसं इकडे आणायला हवीत.

बसच्या कंडक्टर बाई पलीकडच्या काठावर छत्री घेऊन उभ्या होत्या. पन्नाशीच्या, खणखणीत आवाजाच्या.

"मॅडम, किती वेळ?" त्यांनी ओरडून विचारलं.

"संध्याकाळ होईल!"

"होऊ द्या! पण नक्की करा! इथं एक आजोबा मृत्युपत्र सांगायला बसलेत!"

या बाजूला बॅरिकेडपाशी वीस-पंचवीस मोटारी होत्या. रस्ता बंद असल्याची बातमी वाचूनच त्यातले निम्मे आले असावेत. भाजलेली कणसं खात, दरडीचे फोटो काढत होते. त्यांना आवरायला एकच पोलीस होता. एक गृहस्थ माझ्या सुभेदारांना विचारत होते, "अहो, नक्की किती वाजता उघडेल? आमचं रिसॉर्टचं चेक-इन बाराचं आहे."

सुभेदार जाधव म्हणाले, "डोंगराला विचारून सांगतो."

काम सोपं नव्हतं, पण पद्धत ठरलेली होती. डोझरने डोंगराच्या अंगाने एक अरुंद पट्टी कापत जायचं, माती दरीत ढकलायची, मागून माणसांनी फावड्याने साफ करायचं. डोझरवर नाईक मुलाणी. आमच्याकडे त्याच्याइतका हलका हात कुणाचा नव्हता. साठ मीटर वर, एका पक्क्या खडकाच्या नाकाडावर लुकआउट. तिथून दरडीच्या माथ्यावरची भेग दिसत होती. लुकआउट म्हणून सॅपर महेश खोत. सॅपर म्हणजे इंजिनिअर्समधला जवान. खोत नजरेचा पक्का आणि कंटाळा न येणारा होता. लुकआउटला हे दोनच गुण लागतात.

लुकआउटचा सिग्नल म्हणजे एक लांब शिट्टी. शिट्टी ऐकली की हातातलं टाकायचं आणि पुण्याच्या बाजूच्या खडकाआड पळायचं. वर बघायचं नाही. बघण्यात दोन सेकंद जातात. हे सैन्यात भरती झाल्यापासून अंगात मुरवलेलं असतं. खोतकडे लाल झेंडी होती, वायरलेस सेटही होता, पण डोझरच्या आवाजात ऑपरेटरला सेट ऐकू येत नाही. शिट्टी ऐकू येते.

१००० ला काम सुरू झालं.

११२० ला शिट्टी वाजली. सगळे पळाले. मुलाणीने डोझरवरून उडी टाकली. काहीच पडलं नाही. मी सेटवर विचारलं.

"कोयना टू, कोयना वन. काय दिसलं? ओव्हर."

"कोयना वन, मी वाजवली नाही, मॅडम. खाली पोलिसानं वाजवली. ओव्हर."

कुणीतरी बॅरिकेड सरकवून मोटार आत घातली होती. पोलीस त्याचं काम करत होता. सहा मिनिटं गेली.

१२०५ ला तेच. १२४० ला शिट्टी पलीकडून आली. कड्याचं पाणी बसच्या चाकांपर्यंत आलं होतं, म्हणून ड्रायव्हर बस मागे घेत होता, आणि कंडक्टर बाई नियमाप्रमाणे शिट्टी वाजवून त्याला मागचा अंदाज देत होत्या. त्याही त्यांचं काम करत होत्या.

"आज पळायचीच परेड दिसतेय," कुणीतरी म्हणालं. माणसं हसली. मी हसले नाही, कारण या तिसऱ्या वेळी मी पळणाऱ्यांकडे बघत होते. चार जणांनी आधी मान वळवून पोलिसाकडे बघितलं आणि मग पाय उचलले. दोघे पळालेच नाहीत. शिट्टीवरचा विश्वास उडाला होता. ज्या सिग्नलवर विश्वास नाही तो सिग्नल नसल्यापेक्षा वाईट.

जाधव साहेब म्हणाले, "मॅडम, पोलिसाची आणि त्या बाईंची शिट्टी मागून घेऊ."

"पोलीस एकटा आहे. शिट्टी घेतली तर ही सगळी जत्रा आपल्या डोझरपाशी येईल. आणि बस मागे घेताना दरीत गेली तर?"

"मग?"

"आपली बंद करू. लाल झेंडी."

नाईक पवारला मी डोझरपासून दहा पावलांवर उभं केलं. त्याला एकच काम. वर झेंडीकडे बघत राहायचं, आणि झेंडी हलली की डोझरवर पहार आपटायची. मग सगळ्यांना गोळा करून हुकूम दिला. माझे शब्द असे होते: "आतापासून सिग्नल लाल झेंडी. शिट्टी वाजली तर काम थांबवायचं नाही. शिट्टीकडे लक्ष देऊ नका." जे दोघे पळाले नव्हते त्यांच्याकडून तो वदवून घेतला. सेटवर खोतला सांगितला. त्याने शब्दाला शब्द परत म्हणून दाखवला आणि "रॉजर" म्हटलं.

त्यानंतर काम वेगाने झालं. पोलीस शिट्ट्या मारत होता, कुणी ढुंकून बघत नव्हतं. १४१० ला बारा मीटर उरले.

"कोयना टू, भेगेचा रिपोर्ट. ओव्हर."

"चार बोटं. सकाळपासून तेवढीच. पाणी स्वच्छ. ओव्हर."

"काही खाल्लंस का? ओव्हर."

"खिशात बिस्किटं होती. त्यांचा लगदा झाला. तोच खाल्ला. ओव्हर."

१४३० ला त्याच्या सेटची बॅटरी संपली. सकाळपासून पावसात होती. मी नवी बॅटरी घेऊन एक माणूस वर पाठवला. वाट निसरडी, चढायला वीस मिनिटं.

१४४५ ला दरीतून धुकं वर आलं. घाटात धुकं येतं ते सावकाश येत नाही. आधी पलीकडची बस गेली, मग वरचं नाकाड. पवार ओरडला, "मॅडम, झेंडी दिसत नाही!"

लुकआउट दिसला नाही की काम बंद. हा नियम मला माहीत होता. मी स्वतः तो तरुण अफसरांना शिकवलेला आहे. मी घड्याळ बघितलं. चार मीटर उरले होते. पंधरा मिनिटांचं काम. वरून पाणी गळतंय, खाली तेवीस माणसं. धुकं जितक्या लवकर येतं तितक्याच लवकर जातंही. मी म्हटलं, काम चालू राहू दे, दोन मिनिटं बघू.

१४४८ ला शिट्टी वाजली. एक लांब शिट्टी.

ती सगळ्यांनी ऐकली. डोझर चालू राहिला. फावडी चालू राहिली. पवार जिथे झेंडी असायला हवी तिथे, धुक्यात, बघत राहिला. मी पोलिसाकडे बघितलं. तो दोन्ही हातांनी बॅरिकेड धरून उभा होता आणि त्याची शिट्टी त्याच्या छातीवर लोंबत होती.

तेव्हा मी ओरडले. डोझर माझ्यापासून तीस मीटर पुढे होता. शिट्टी पुन्हा वाजली, या वेळी जवळून. मग धुक्यातून खोत उतरताना दिसला. नाकाडावर तो सुरक्षित होता. ते नाकाड आजही जागेवर आहे. शिट्टी वाजवूनही खालचा आवाज थांबत नाही हे त्याला ऐकू आलं असणार. तो बसून घसरत, मग धावत, सरळ डोझरसमोर आला आणि झेंडीचा दांडा त्याने ब्लेडवर आपटला. मुलाणीने त्याला बघितलं आणि डोझर पूर्ण जोराने मागे घेतला. पवार आणि फावडेवाले पळाले. मग डोंगर आला.

आवाज फार मोठा नव्हता. ओल्या मातीचा आवाज होत नाही.

बॅटरी घेऊन गेलेला माणूस वाटेवरून सुखरूप परत आला. मोजणी केली. सत्तावीस. मोजायची गरज नव्हती, पण मोजतात.

आम्ही हातांनी आणि फावड्यांनी उकरलं. खोत १५२९ ला मिळाला. नर्सिंग असिस्टंटने जे करायचं ते केलं. १५४५ ला मी वायरलेसवर रेजिमेंटला कळवलं. वाक्य लहान होतं. ते इथे लिहीत नाही.

पलीकडून कंडक्टर बाईंचा आवाज आला. त्यांना धुक्यात दिसलं काहीच नव्हतं. "मॅडम, काय झालं? कुणी आहे का तिकडं?"

"आहोत," मी म्हटलं. "जागा सोडू नका."

काम पुन्हा सुरू करायचं होतं. पोलीस स्वतःच माझ्याकडे आला, शिट्टीची दोरी गळ्यातून काढली आणि माझ्या हातात दिली. कंडक्टर बाईंना मी ओरडून सांगितलं. त्यांनी शिट्टी रुमालात दगडाबरोबर बांधून इकडे भिरकावली. तीन तासांपूर्वी याला एवढाच वेळ लागला असता. पर्यटकांची गर्दी, जिची मला भीती होती, ती बॅरिकेडपासून शंभर पावलं मागे जाऊन आपणहून गप्प उभी होती.

मुलाणी डोझरकडे निघाला.

"मुलाणी, बसवेल का?"

"दुसरा ऑपरेटर कुठाय, मॅडम?"

वर नवा लुकआउट गेला. शिट्टी घेऊन. धुकं असेपर्यंत मी काम सुरू होऊ दिलं नाही. १६२० ला धुकं उठलं. १७५० ला पट्टी पार झाली. दोर बांधून एकेक माणूस आणला. मृत्युपत्रवाले आजोबा मुलाणीच्या पाठीवरून आले. सगळ्यात शेवटी कंडक्टर बाई. त्यांनी माझ्यासमोर उभं राहून हिशेब दिल्यासारखं सांगितलं, "तेवीस. सगळे." मग ट्रकजवळ झाकलेलं स्ट्रेचर त्यांना दिसलं आणि त्या खाली बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस जिथे उभी होती तिथला रस्ताच दरीत गेलेला होता.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. सिग्नल बदलण्याचा निर्णय परिस्थितीनुसार योग्य होता, असं तिने लिहिलं. धुक्यातल्या तीन मिनिटांबद्दल मी माझ्या जबाबात स्वतः सांगितलं. त्याबद्दल मला समज देण्यात आली, ती सौम्य होती. मी अपील केलं नाही. करायचं असतं तर जास्त शिक्षेसाठी करावं लागलं असतं, आणि तशी तरतूद नाही.

पंधरा दिवसांनी मी आणि जाधव साहेब खोतच्या गावी गेलो. सांगलीच्या पुढे, कोरड्या बाजूला. त्याचे वडील ओसरीवर बसले होते. त्यांनी चहा सांगितला. आम्ही पेन्शनचे कागद दिले, ते त्यांनी न बघता बाजूला ठेवले.

"एक इचारू का?"

"विचारा."

"शिट्टी वाजवायचं काम हाय, असं त्यानं फोनवर सांगितलं हुतं. त्या दिवशी वाजवली का त्यानं?"

जाधव साहेबांनी माझ्याकडे बघितलं. वाटेत आमचं ठरलं होतं की जास्त खोलात जायचं नाही.

"वाजवली," मी म्हटलं. "दोनदा."

"ऐकू आली न्हाई का कुणाला?"

"आली. सगळ्यांना आली. शिट्टीकडे लक्ष देऊ नका असा हुकूम मी दिला होता. म्हणून कुणी पळालं नाही. म्हणून तो खाली आला."

चहा आला, तो कुणी घेतला नाही.

"म्हंजी त्यानं त्याचं काम केलं," ते म्हणाले.

"केलं. त्याहून जास्त केलं."

"मग झालं. तुमचं तुम्ही बघा, बाई."

त्यांनी आम्हाला वेशीपर्यंत पोचवलं. मी सॅल्यूट केला. त्यांनी हात जोडले नाहीत, नुसती मान हलवली आणि वळून घराकडे गेले.

सॅपर महेश बाळू खोत. वय सव्वीस, नोकरी सहा वर्षं. दुपारी दोन वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी त्याने पहिली शिट्टी वाजवली.