हुकमाची वेगळी वाट

रत्नागिरीतल्या एका खाजगी इस्पितळात मी कॉम्प्युटर सांभाळायचे, तेव्हाची गोष्ट. दोन हजारचं दशक निम्मं सरलं होतं. सीटी स्कॅनच्या प्रतिमा साठवायला आमच्याकडे डिस्कचं एक नवं कपाट आलं होतं. दिसायला लोखंडी खोकंच, पण त्याचे लाड जावयासारखे. त्याला वेगळी खोली, वेगळा एसी. आम्ही बाहेर पंख्याखाली घाम पुसत बसायचो.

या कपाटाच्या पाठीला केबलसाठी दोन भोकं होती. एकातून प्रतिमांची ये-जा व्हायची. दुसरं होतं कपाटाला हुकूम सोडायला: हे थांबव, ते चालू कर, कुठली डिस्क आजारी आहे ते सांग. पण कपाट बसवायला आलेल्या मुंबईच्या तज्ज्ञाला परतीची गाडी गाठायची होती. “एकाच वाटेनं दोन्ही चालतं, मॅडम,” असं म्हणून त्यानं एकच केबल जोडली आणि निघून गेला. एरवी चालायचंही.

दुसरं भोक उघडंच राहिलं. ते आमच्या चाचांना बघवेना. चाचा म्हणजे इस्पितळाचे इलेक्ट्रिशियन, उमेदीची वर्षं बोटीवर काढलेले. पावसाळ्याआधी दिसेल ते भोक बुजवायचं हा आमच्याकडे रिवाजच. नाहीतर खारी हवा, मुंग्या, पालीची पिल्लं, यातलं काहीतरी आत शिरतंच. चाचांनी मेणबत्ती वितळवून ते भोक झकास बंद केलं आणि मला काही सांगायची त्यांना गरज वाटली नाही.

मग गणपती आले. चाकरमानी घरी आले की त्यांना आईबापांच्या तब्येतीची एकदम आठवण होते. आरती आटोपली की म्हाताऱ्यांना गाडीत घालून थेट इस्पितळात. गौरी यायच्या आदल्या दिवशी सीटीच्या मशीनला उसंत नव्हती, आणि नेमकी तेव्हाच कपाटातली एक डिस्क आजारी पडली. कपाट इमानदार. त्यानं लगेच त्या डिस्कवरचा सगळा माल राखीव डिस्कवर उतरवायला घेतला, आणि त्या धांदलीत कुणाचीच जुनी प्रतिमा उघडेना.

बाहेर बाकावर लांज्याची एक काकी बसली होती. तिच्या पोटात गाठ होती. कोल्हापूरचे डॉक्टर महिन्यातून एकदाच आमच्याकडे येत. आजचा आणि मागचा स्कॅन शेजारी शेजारी लावून त्यांना बघायचं होतं, औषध लागू पडतंय की बदलायचं. आजचा समोर होता, मागचा कपाटात अडकलेला. दुपारी डॉक्टर परत जाणार होते.

कपाटाला एवढंच सांगायचं होतं की बाबा रे, ते उतरवणं जरा थांबव. पण माझा हुकूमही त्याच वाटेनं जाणार, म्हणजे सगळ्या प्रतिमांच्या मागे रांगेत. पडद्यावर गोल फिरत राहिला. वीज तोडावी तर आत लिहिलं जात असलेलं बिघडणार. सीटी थांबवावं तर मशीनवर माणूस झोपलेला. मी त्या तज्ज्ञाला मनातल्या मनात अस्सल शिव्या घातल्या. मग आठवलं, दुसरी वाट आहे की. कपाटामागे वाकून बघते तर तिथे भोकच नाही.

“चाचा, इथलं भोक?” मी त्यांना बोलावून विचारलं.

“मीच बुजवलंय,” चाचा अभिमानानं म्हणाले. “मुंगी शिरेल काय आता?”

मी कपाळाला हात लावला. त्यांना रागवायचंही जिवावर आलं, इतकं मायेनं केलेलं काम होतं ते. चाचांनी सुईनं मेण हळूहळू कोरून काढलं. मी माझ्या लॅपटॉपमधून केबल थेट त्या भोकात घातली आणि पडदा चटकन उघडला. पलीकडे प्रतिमांची झुंबड तशीच, पण या वाटेवर मी एकटी. उतरवणं थांबवलं आणि थोड्याच वेळात काकीचा जुना स्कॅन उघडला.

डॉक्टरांच्या खोलीत मीच दोन्ही प्रतिमा शेजारी लावून दिल्या. मला त्यातलं काय कळतंय? पण डाग वाढलाय हे माझ्यासारखीलाही दिसत होतं. डॉक्टरांनी काकीला आत पाठवायला सांगितलं. मला फार वाईट वाटलं. एवढी धडपड कशासाठी केली, असं क्षणभर वाटून गेलं.

बाहेर आले तर काकीनं हात धरला.

“मिळाला काय गो फोटो?”

“मिळाला, काकी. डॉक्टर बोलावतायत.”

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी नजर वळवली, पण उशीरच झाला होता.

“बरं,” ती म्हणाली. “उद्या गौरी यायच्यात. सुनेचा पयला ओवसा हाय, गौरीफुडं सूप ओवाळायचाय तिला. पोरं सणाला आलीत, भायेर गाडीपाशी हायत. त्यांना तू काय बोलू नको हां, बाय.”

पदर सारखा करून ती आत गेली. मी दार धरून उभी होते. डॉक्टरांनी खुर्ची दाखवली, पण ती बसली नाही.

“नवीन औषध गौरी गेल्यावर सुरू केलं तर चालंल ना?” तिनं विचारलं.

डॉक्टरांनी उघडलेलं पेन बंद करून ठेवलं आणि म्हणाले, “चालेल.”