मळवट पुसणार नाही

त्या नवरात्रात मी देवीवर रुसले होते, हे आधीच सांगून टाकते.

इथं तमिळ मुलखात, वेलचेरीतल्या आमच्या सोसायटीत दरवर्षी खालच्या हॉलमध्ये कोलू मांडतात, म्हणजे पायऱ्यांवर बाहुल्या आणि मागे देवीचं मोठं चित्र. त्या वर्षी ते चित्र काढायचं काम माझ्याकडे आलं. सांगली सोडून इथं आल्यावर मी तंजावर पद्धत शिकले, सोन्याच्या वर्खावर हात बसला, तरी शेजारपाजारी मी अजून 'नॉर्थवाली'च. सांगली आणि नॉर्थ, काय बोलणार! म्हटलं, या निमित्तानं तरी आपल्यात घेतील. खपून देवी रंगवली. वर्ख, खडे सगळं इथलं. पण नऊवारी, नथ आणि कपाळभर मळवट मात्र माहेरचा. हात आपसूक तिकडेच वळला.

सेक्रेटरी बघायला आले. माणूस भला. म्हणाले, "मॅडम, सुंदर आहे, पण ही नम्म अम्मन वाटत नाही. आपली देवी वाटत नाही. नथ आणि कपाळावरचं ते काढा, हातात आमच्या अम्मनसारखा ऊस द्या. मग लगेच खाली नेऊ." बहिणीला फोटो पाठवला, तर तिचं उत्तर आलं, "अगं, ही तर पक्की मद्रासी झाली." माझी देवीआई दोन्ही घरी परकी ठरली. मला रडू नाही, संताप आला. तिलाच विचारलं, तुझीच ही गत, तर मला कोण विचारतंय इथं?

डोळे काढायचे राहिले होते. देवीचे डोळे आम्ही सगळ्यात शेवटी, न्हाऊन, उपाशीपोटी उघडतो. त्या सकाळी कुंचला हातात घेऊन बसले खरी, पण डोळे काढायचे की मळवट पुसायचा, ते ठरत नव्हतं.

दार उघडंच होतं. या दिवसांत बायका कोलू बघायला न विचारता येतात. तशीच एक म्हातारी आत आली, नऊवारीतली. चित्रापुढे थबकली आणि सरळ जमिनीवर बसली.

"डोळे का नाहीं उघडलीस गे, पोरी?" जुनं मराठी, पण हेल तमिळ. "अम्ची आई केव्हाची थांबली अहे."

"आजी, तुम्ही कुठल्या?"

"इकडचींच. तंजावूरची. अम्च्या घरांत पण ही अशीच अहे, नथ घालून. तिची नथ कोण काढील?"

तिच्या देखत मी डोळे उघडले. ती हात जोडून बघत राहिली. मग कुंकू लावून, विड्याची पानं ओटीत घेऊन ती गेली. ती कुणाकडे आली होती, ते मी खाली एकदा विचारलं. कुणाला ठाऊक नव्हतं. मी पुन्हा विचारलं नाही.

सेक्रेटरींना सांगितलं, बदल होणार नाही. हॉलमध्ये छापील चित्र लागलं. मी माझी देवी आमच्या दारात, लिफ्टच्या अगदी समोर मांडली. तिनं त्या सकाळी मला सावरलं, ते उपकार फिटायचे नाहीत. शरण मी रोज जाते, पण फक्त तिलाच. कमिटीला नाही.

अष्टमीला सेक्रेटरींची बायको लिफ्टमधून बाहेर आली. मळवटाकडे बघत राहिली. "ही कोण?" तिनं विचारलं.

"नम्म अम्मन," मी म्हटलं आणि कुंकवाचा करंडा पुढे केला.