वाघाचा शब्द परत मागत नाहीत

सरांनी खिरीचं पान हातात घेतलं, "वा वा" म्हणाले आणि हसत हसत मागे सरकले. बाभळीच्या बुडाशी ते पान ठेवून दिलं. मग खिशातून बाटली काढून हाताला सॅनिटायझर चोळलं. बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. खीर चिमाआत्यानं केली होती. तिनं ते बघितलं. मी बघितलं. तिनं पदरानं कपाळ पुसलं आणि पुढच्या पानावर वाढायला घेतलं.

जागा म्हणजे चाकणच्या एका कंपनीची मागची भिंत. भिंतीपलीकडे ओढा, ओढ्यापलीकडे उरलेला टेकडीचा तुकडा. ओढ्याच्या अलीकडच्या काठाला आमचा वाघोबा आहे. शेंदूर लावलेला दगड. आम्ही भीमाशंकरच्या बाजूच्या डोंगरातले महादेव कोळी. पोटासाठी खाली उतरलो. कुणी लोडिंगला, कुणी कँटीनला. माझा बा कंपनीत हाऊसकीपिंगला आहे, म्हणजे साहेबांचे संडास धुतो. गावचा देव उचलून आणत नाहीत, तो तिथल्या रानाचा असतो. म्हणून इथल्या रानाचा इथं पुजला. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस असते, तेव्हा सगळे पहिली शिफ्ट सुटली की इथं जमतो. चाकणला कुठला आलाय वाघ, असं ज्यांना वाटतं त्यांनी कंपनीच्या वॉचमनला विचारावं. बिबट्या भिंतीवरून आत उतरताना कॅमेऱ्यात दिसला तेव्हापासून तो मागच्या गेटवर ड्युटी घेत नाही. बिबट्याला आम्ही वाघच म्हणतो.

आणि सर म्हणजे माझे एम. ए.चे सर. निगडीतल्या कॉलेजात धर्माच्या अभ्यासाचा पेपर शिकवतात. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर शिडी काढली होती. वरच्या पायरीवर एक देव मानणारे. त्याखाली पुष्कळ देव मानणारे. अगदी तळाला सर्वात्मवाद, म्हणजे झाडात, दगडात, जनावरात जीव बघणारे. "हा धर्म नव्हे. धर्माच्या आधीची अवस्था. आदिम माणूस घाबरतो, म्हणून पुजतो." मग माझ्याकडे बोट. "आपलं नशीब बघा, जिवंत नमुना वर्गातच आहे."

वर्ग हसला. मीसुद्धा हसले. हसावं लागतं. मीही चाकणच्याच पट्ट्यात एका कंपनीत सकाळची शिफ्ट करून, बसमध्ये उभ्यानं डुलक्या खात त्या वर्गात पोचायचे, ते काही भांडायला नाही.

सरांच्या बंगल्यावर सत्यनारायण होता तेव्हा वर्गाला बोलावणं होतं. गुरुजींनी प्रसाद टाकल्यावर नाव कशी बुडाली ते रंगवून सांगितलं. सर सोवळं नेसून हात जोडून बसलेले. प्रसाद देताना त्यांच्या मॅडम प्रत्येकाला सांगत होत्या, "उजव्या हातात घ्या, कण सांडायचा नाही हं." आम्ही सांडला नाही. आता घाबरून पुजणं म्हणतात ते यापेक्षा वेगळं काय असतं? पण ते शिडीवर कुठंच नव्हतं. शिडी काढणारा माणूस शिडीवर नसतोच.

तर सर म्हणाले, वाघबारशीला क्षेत्रभेट काढू. बाला इतका आनंद झाला की त्यानं नवा शर्ट घेतला. फिकट निळा. "पोरीचा सर येतोय," असं खोल्याखोल्यांत सांगून आला. ओढ्याकाठची झुडपं कोयत्यानं साफ केली. साहेब लोकांना बसायला कुणाच्या तरी घरचा गालिचा आणला. त्या गालिच्यावर सर बुटांसकट बसले.

आमच्यात वाघबारशीला एक जण वाघ होतो. लोडिंगला असणारा किसन घोंगडी पांघरून ओढ्याच्या बाजूनं आला. पोरं ओरडली. बा सगळ्यांत थोरला, म्हणून विचारायचा मान त्याचा. त्यानं नवा शर्ट नीट केला आणि दगडासमोर उभा राहिला.

"आमच्या शिवंत येशील का?"

"न्हाई येनार."

"आमच्या लेकरांच्या वाटंला जाशील का?"

"न्हाई जानार."

"मंग आमीबी तुज्या रानात कुऱ्हाड घालनार न्हाई. तुजं तुला, आमचं आमाला."

बस. इतकंच. वाघ पळत ओढ्यात उतरला, पोरं त्याच्यामागे हुर्यो करत गेली. त्यानं शब्द दिला, आम्ही दिला. आता पुढच्या बारशीपर्यंत कुणी विचारायचं नाही. दिलेला शब्द लगेच परत मागितला तर तो खोटा धरला, असं होतं. खोटा धरलेला वाघ शीव कशाला पाळेल? डोंगरातल्या लहान पोराला हे कळतं.

सर उठले. "बाबा, छान. आता परत एकदा घ्या. व्हिडिओत आवाज नाही आला नीट. आणि मागे कंपनीची शेड दिसतेय, तुम्ही असे झाडाकडे सरका."

बा माझ्याकडे बघायला लागला.

"आणि तो शर्ट काढता का? उघड्या अंगानं जरा पारंपरिक दिसेल. किसन, तू ये रे परत."

वर्गातली पोरं मोबाइल धरून तयार. कुणीतरी "मस्त फ्रेम आहे" म्हणालं. आणि माझ्या बानं काय करावं? त्यानं वरचं बटण काढलं. मग दुसरं. खालच्या आवाजात मला म्हणाला, "तुजं मार्क त्यांच्या हातात हायेत ना गं?"

मला किळस आली. सरांची आलीच. पण त्या शिडीची जास्त, आणि तिच्या तळाला बसून दात काढणाऱ्या माझ्या तोंडाची. मी पुढे झाले आणि बाचा हात धरला.

"बा, बटण लाव."

"अगं, पन..."

"लाव म्हणते ना."

सर हसले. "अगं, फक्त शूटिंगसाठी. खरं थोडंच करायचंय?"

"खरंच झालं सर. झालं ते. वाघाचा शब्द परत मागत नाहीत."

"भावनेच्या भरात बोलू नकोस. अभ्यासकाला अंतर ठेवून बघावं लागतं."

"मग अंतर ठेवा. आधी तो गालिचा सोडा. सत्यनारायणाला तुमचं सोवळं सोडवून परत नेसायला लावलं असतं का कुणी? फोटो नीट आला नाही म्हणून?"

एका मुलीनं मोबाइल खाली घेतला. एकीनंच. सरांचा चेहरा लाल झाला. "तुझ्या प्रोजेक्टचं काय ते बघू," म्हणाले आणि पोरांना घेऊन बसकडे निघाले. किसन घोंगडी खांद्यावर टाकून तसाच उभा होता. चिमाआत्यानं गालिचा झटकला, गुंडाळला.

खोलीवर आल्यावर बा चिडला. माझ्यावर. "काडला असता शर्ट. काय झिजनार व्हतो का मी?"

"झिजला असतास," मी म्हणाले. "रोज झिजतोसच की. तिथं पगारासाठी. इथं देवासमोर कशाला?"

त्यानं शर्ट काढला, घडी घातली आणि पेटीत ठेवून दिला. रागानं का पटून, मला आजही ठाऊक नाही.

प्रोजेक्टला सरांनी जेमतेम पास केलं. नंतर अंतर्गत परीक्षेत प्रश्न आला: आदिम धर्माची वैशिष्ट्ये लिहा. मला पुस्तकातलं उत्तर तोंडपाठ होतं. मुद्दे, व्याख्या, सगळं. पण लिहिलं ते असं: आदिम धर्म नावाचा धर्म नसतो. दुसऱ्याच्या देवाकडे वरून बघणारा माणूस असतो, आणि तो स्वतःच्या देवाला धर्म म्हणतो. माझ्या माणसांनी वाघाशी करार केला आहे. तो भीतीचा नाही, बरोबरीचा आहे. तुमच्या फळ्यावर बरोबरीला पायरीच नाही, म्हणून तो तुम्हाला दिसत नाही.

नापास केलं. सरांनी केबिनमध्ये बोलावून समजूत घातली, "पुस्तकात आहे तेवढं लिही, पुढच्या वेळी पास करून टाकतो." मी पुन्हा बसणार आहे. हाच प्रश्न आला तर हेच उत्तर लिहिणार आहे. शब्दही बदलणार नाही.