सेनापतींचा इशारा

सेनापती भेटेल त्याला एकच प्रश्न विचारायचे, “युद्ध चाललंय, अणुबॉम्ब हाताशी आहे, तू नेता आहेस. टाकशील? का?” वुडलँड्सच्या हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारातल्या, नूडल्सवाल्या अंकलनाही त्यांनी सोडलं नाही. अंकल म्हणाले, “नो चॉइस, देन प्रेस लाह.” म्हणजे दुसरा इलाजच नसेल तर दाबायचं बटण. सेनापतींनी ते लगेच वहीत उतरवून घेतलं. बुओना व्हिस्टाच्या एका संशोधन केंद्रात त्यांचं कामच ते होतं. सेनापती हे नाव आम्ही ठेवलेलं. एरवी हा गृहस्थ झुरळसुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडायचा.

दर रविवारी ते लिटिल इंडियातून कढीपत्ता घेऊन आमच्याकडे आमटी-भात जेवायला यायचे. माझी बायको त्यांच्याच प्रकल्पावर पीएचडी करत होती. “वहिनी, नेता वेडा होऊन बॉम्ब टाकतो हे साफ खोटं,” भात कालवत ते म्हणायचे. “हरतोय, अपमान झालाय आणि मागे फिरायला वाट नाही, असा शहाणा माणूस टाकतो. त्याला तो न्याय वाटतो.”

एक दिवस प्रकल्पप्रमुखांच्या नव्या पुस्तकाचा फोटो सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर आला. आत सेनापतींचं सहा वर्षांचं काम होतं, नाव कुठेच नव्हतं. जाब विचारला तर साहेब हसून म्हणाले, “पुढच्या वेळी बघू.”

सेनापतींनी जुन्या वह्या आणि ईमेल जुळवून तीस पानी तक्रार तयार केली. पुढच्या रविवारी ती ताटाशेजारी ठेवून म्हणाले, “हा माणूस उठला पाहिजे इथून. प्रकल्प बंद पडेल, सगळ्यांचे इथे राहायचे कामाचे पास जातील, माझाही. वहिनी, तुम्हाला चार महिने देतो. प्रबंध जमा करा. आणि कुणाजवळ बोलू नका.” खरं सांगतो, मला बरं वाटलं. त्या हसऱ्या साहेबाने माझ्या बायकोलाही दोनदा रडवलं होतं. मनात म्हटलं, जाळा एकदाचं.

तिने प्रबंध जमा केला त्याच संध्याकाळी तक्रार गेली. दोन महिन्यांत साहेब गेले, प्रकल्प गेला आणि आणखी पाच संशोधकांना गाशा गुंडाळावा लागला. केंद्राच्या भिंतीवरून साहेबांचा फोटो उतरवला हे कळलं तेव्हा मी पेढे आणले. त्या माणसाची मला आजही दया येत नाही.

चांगी विमानतळावर सेनापतींना सोडताना मात्र मी विचारलं, “त्या पाच जणांना का नाही सांगितलंत?”

“त्यांना सांगितलं असतं तर त्यालाही कळलं असतं. मग तो सावध झाला असता,” ते शांतपणे म्हणाले आणि ट्रॉली ढकलत आत गेले.

त्या पाचांत चेन्नईची एक मुलगी होती. ते चार महिने ती रोज माझ्या बायकोशेजारी बसून डबा खायची. नव्या फ्लॅटचा करार करू का, मुलाला इथल्याच शाळेत घालू का, असं विचारायची. बायको घरी येऊन मला म्हणायची, “काय सांगू रे तिला?”

मी म्हणायचो, “काही सांगू नकोस.”