कंसाबाहेरचा सांबार

निवृत्तीनंतर मी लिहू लागलो, हे वाक्य मी अजूनही कोणासमोर मोठ्याने उच्चारत नाही. अमरावतीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवले. मुलांच्या प्रयोगवह्यांवर लाल शाईने शेरे मारताना माझा हात कधी अडखळला नाही. मात्र स्वतः लिहिलेल्या चार ओळी दुसऱ्याच्या स्वाधीन करायच्या म्हटल्या की तोच हात मागे येतो. एका मराठी संकेतस्थळाने नव्या लेखकांकडून आठवणींचे लेख मागवले, तेव्हा वडिलांवरचा लेख मी पाठवला खरा. पण पाठवल्याबरोबर तो परत कसा घेता येईल, हे शोधत बसलो. तशी सोय नव्हती.

वडील चांदूर बाजारजवळच्या आमच्या मळ्यात भाजी पिकवत आणि आठवडी बाजारात स्वतः बसून विकत. लेखात तो बाजार होता, त्यांचा तराजू होता, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पिशवीत ते वरून फुकट टाकत ती मूठभर कोथिंबीर होती. त्या मुठीवरच मी सारा लेख उभा केला होता. शेवटच्या परिच्छेदात त्यांना मी 'दातृत्वाची मूर्ती' म्हटले होते आणि त्या शब्दांवर मनातल्या मनात खूश होतो.

संकेतस्थळाची संपादक पुण्याची, वयाने माझ्या विद्यार्थिनींएवढी. तिला मी कधी पाहिलेले नाही. तिने लेख संगणकावर अशा रीतीने उघडून दिला की तिच्या सूचना समासात दिसत आणि प्रत्येक सूचनेपुढे दोन खुणा असत : मान्य करायची एक आणि फेटाळायची एक. तिची रीत मोठी सभ्य होती. आधी कौतुक, मग प्रश्न. 'सर, हे छानच. पण इथे बाजार थोडा डोळ्यांना दिसेल असं करता येईल का?' मी प्रत्येक सूचना मान्य करत गेलो. फेटाळण्याची खूण अगदी शेजारी होती, पण तिच्यावर बोट ठेवणे मला उद्धटपणाचे वाटे. काही दिवसांनी समासात नवी नोंद आली : 'सर, तुम्ही सगळंच मान्य करताय. माझंही चुकत असेल. वडिलांना ज्यांनी जवळून पाहिलंय, अशा घरातल्या कोणाला तरी लेख वाचायला द्याल का?'

असे माणूस एकच उरले होते. माझी थोरली बहीण, अकोल्याला राहणारी. मी शिक्षणासाठी लहानपणीच अमरावतीच्या वसतिगृहात गेलो. ताई मात्र लग्न होईपर्यंत दर बाजाराला वडिलांबरोबर बसे. पुढे तिने एका सरकारी कार्यालयात टंकलेखिकेची नोकरी केली आणि साहेबांचे मसुदे टंकता टंकता त्यांच्या मराठीचा धसका घेऊन निवृत्त झाली. मी तिला लेख फोनवर पाठवला. खाली लिहिले : 'कसा वाटला? मोकळेपणाने सांग.'

तिने तो वाचला, एवढे फोनवरच्या निळ्या खुणांवरून कळले. उत्तर आले नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा विचारले, 'वाचलास का?' त्यावर तिने लिहिले, 'इकडे ऊन भल्लं हाय.' तिसऱ्या खेपेस अंगठा आला. तो कशाला उद्देशून होता, हे मला ठरवता येईना. मी फोन टेबलावर पालथा ठेवी, गॅलरीत जाई, परत येऊन सुलटा करी.

"काहून पाहून राहिले सारखं?" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "फोन पळून नाई जात. अन् गेला, तर सांबार घेऊन ये म्हना त्याले. घरात संपला हाय."

त्याच आठवड्यात लेखाची छापील प्रत पिशवीत घालून मी अकोल्याची एसटी धरली. बडनेरा मागे पडेपर्यंत लेख एकदा वाचून झाला होता. मूर्तिजापूरपर्यंत त्यातले एकही वाक्य मला आवडेनासे झाले.

ताईने दार उघडले, पाणी दिले, आणि मी पिशवीतून कागद काढण्याआधीच म्हणाली, "थो कोन हाय?"

"कोण?"

"तुह्या लेखातला मानूस. येनाऱ्या-जानाऱ्याले कोथिंबीर वाटून राहिला, थो."

"बाबा आहेत ते."

"आपले बाबा?" तिने चष्मा पुसला. "आपल्या बाबानं जल्मात कोथिंबीर लावली नाई. सांबार लावला."

वऱ्हाडात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. हे मला कोणी सांगायला नको होते. आमच्या घरात आजही दुसरा शब्द नाही. बायकोने त्याच शब्दाने फोनची थट्टा केली होती. तरीही लिहायला बसलो तेव्हा बोटांनी आपोआप 'कोथिंबीर' लिहिले. पुण्याच्या संपादकाने तो शब्द बदललेला नव्हता. तिला बदलण्यासारखे मी काही ठेवलेच नव्हते.

"शब्दच तर आहे, ताई," मी म्हणालो. "अर्थ एकच."

"मंग सांबार लिवाले काय झालं होतं? हात दुखत होता?"

तिने माझ्या हातातली प्रत घेतली, पेन्सिल शोधली आणि पहिल्या 'कोथिंबिरी'भोवती गोल काढून प्रत परत दिली. "बाकीच्या तू शोध. मास्तर हायेस."

तिचे संपले नव्हते.

"आन सगळ्यायले देत होते मनतो तू. कोनी सांगतलं तुले?"

"मी पाहिलंय बाजारात."

"तू सुट्टीत येत होता. सुट्टीतल्या पोराले सारेच दिलदार दिसते." ती माझ्यासमोर बसली. "मांगतलं त्याले सांबार नाई, असं होतं त्याह्यचं. एखादी बाई मने, 'भाऊ, थोडासा सांबार टाका नं,' का बाबा मनत, 'जुडी इकत घ्या.' भांडन व्हाचं कदी कदी. आन जे गुमान पैसे देऊन पिशवी उचले, तिले हाक मारून मांगं बोलवत अन् मूठ भरून टाकत."

"पण असं काहून?" माझ्या तोंडून निघाले. बऱ्याच वर्षांनी मी 'का' ऐवजी 'काहून' म्हणालो असेन.

"मले का माहीत? इचारलं होतं मी एकदा. तर मने, तू तोलाकडे पाह्य."

ती हसली, मीही हसलो. पण माझ्या लेखाच्या पायाखालची वीटच तिने सहज काढून घेतली होती, आणि वरचे सगळे आता कशावर उभे राहणार, ही काळजी मला जेवतानाही सोडीना. पोळी वाढत असताना मला राहवले नाही.

"ते सोड. बाकी लेख कसा वाटला तुला?"

ताईने माझ्याकडे पाहिले. "भाजी कशी झाली, हे कदी इचारलं नाई तू. लेखाचं मातर इचारून राहिला." मग तिने पोळी माझ्या ताटात टाकली. "घे. गरम हाय."

परतीच्या एसटीत मी मांडीवर कागद घेऊन बसलो. 'दातृत्वाची मूर्ती' पहिल्यांदा गेली. तिच्यामागोमाग 'प्रत्येक' हा शब्द गेला, मग त्या शब्दाच्या आधाराने लिहिलेला सबंध परिच्छेद. उरला एक हेकट माणूस. मागणाऱ्यापुढे हात आखडणारा आणि न मागणाऱ्याला हाक मारणारा. त्याचे काय करावे, हे मला कळेना. पहिला माणूस लिहायला सोपा होता. ह्याच्याविषयी एक वाक्य लिहिले की तो दुसऱ्या वाक्यात निसटे. गाडी हादरे, अक्षर वाकडे होई. अमरावतीच्या स्थानकावर उतरलो तेव्हा कागद खाडाखोडीने भरला होता आणि त्यात 'कोथिंबीर' एकदाही उरली नव्हती.

दुरुस्त लेख पाठवल्यावर संपादकाचा पहिल्यांदाच फोन आला.

"सर, फारच बदललाय. आता तुमचे वडील मला जरा... घाबरवतात. चांगल्या अर्थाने."

"आपले आभार," मी म्हणालो.

"एकच अडचण. तो सांबार. इकडच्या वाचकाला ते इडलीबरोबरचं सांबार वाटेल हो. पिशवीत मूठभर सांबार टाकला म्हटलं, तर पिशवी गळायला लागेल."

मला हसू आले. ती पुढे म्हणाली, "कोथिंबीर म्हणू या का सरळ? किंवा सांबार ठेवू आणि कंसात कोथिंबीर देऊ. तुम्हाला काय बरं वाटतं?"

सवयीने 'चालेल' हा शब्द माझ्या ओठांवर आलाच होता. मी गॅलरीत उभा होतो. खाली भाजीवाल्याची गाडी थांबली होती आणि बायको दोरीला बांधलेली पिशवी खाली सोडत होती.

"कंस नको," मी म्हणालो.

मी घाईघाईने पुढे बोललो. "वडील बाजारात हाका मारत, ते मी पहिल्याच परिच्छेदात घालतो. मेथी, पालक, सांबार. हिरवी जुडी, मुळाची माती झटकलेली. मग वाचकाला कळेल. आणि नाही कळलं, तर दोन ओळी त्याला वाटू द्या इडलीबरोबरचं. तिसऱ्या ओळीत उमगेल."

"बरं," ती म्हणाली. मग आवाजात हसू आणून, "सर, तुम्हाला फेटाळता येतं म्हणजे."

तिला वाईट तर वाटले नसेल ना, ह्या विचाराने संध्याकाळपर्यंत मी दोनदा क्षमायाचनेचा मजकूर लिहिला आणि दोन्ही वेळा पुसला.

लेख प्रसिद्ध झाला त्या सकाळी मी त्याचा दुवा ताईला पाठवायला घेतला. खाली बोटे आपोआप लिहू लागली : 'कसा वाट'. तिथे मी थांबलो. ती अक्षरे एकेक करून मागे घेतली आणि नुसता दुवा पाठवला.

तिने वाचल्याच्या खुणा उमटल्या. मी वर्तमानपत्र उघडले, मिटले. भाजी निवडायला बसलो, तर बायकोने ताट ओढून घेतले. मी देठ ठेवून पाने टाकत होतो. "जा तुमी," ती म्हणाली, "फिरून या." मी कॉलनीच्या कोपऱ्यापर्यंत गेलो आणि परतलो. ज्याच्यासाठी मी एसटीने अकोल्याला जाऊन आलो होतो, तो प्रश्न आता विचारायचा नाही, एवढेच मला पाळायचे होते, आणि तेच जमत नव्हते.

दुपारी जेवण झाल्यावर फोन वाजला. ताईचा निरोप होता. तिने टंकला होता, आणि नेहमीप्रमाणे एकही अक्षर चुकले नव्हते.

'बाबा तराजू डाव्या हातात धरत. तू उजवा लिवला. उजवा हात सांबारासाठी मोकळा ठेवत. नीट कर.'

मी तो निरोप वाचला, पुन्हा वाचला. पहिल्या शब्दाशीच थांबलो. 'थो' नव्हे, 'बाबा'.

बायकोने विचारले, "काय मनते ताई?"

"चूक काढली," मी म्हणालो, आणि ती पुढे काही बोलण्याआधीच गॅलरीत गेलो. प्रसिद्ध झालेल्या लेखात हात बदलून मिळतो की नाही, हे मला ठाऊक नव्हते. पुण्याचा नंबर लावला. घंटा वाजत होती, आणि मी फोन डाव्या हातात धरून, उजवा मोकळा ठेवून, डाव्याने तराजू कसा तोलला जाईल, ते पाहत होतो.