हरलात म्हणणारे मामा

हरणाऱ्या माणसाला तोंडावर ‘हरलात!’ असे सांगणारा एकच मनुष्य मी मस्कतमध्ये पाहिला. हा शब्द तो मोठ्याने, मान वर करून, भोवतीच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात उच्चारी. आणि ऐकणाऱ्याला राग येण्याऐवजी हसू येई. अल् खुवैरमधल्या एका मॉलच्या दुसऱ्या मजल्यावर खेळांच्या यंत्रांचे दालन होते, तेथे तो देखरेखीला होता. लहानथोर सगळे त्याला मामा म्हणत. वयाने मी मोठा. तरी मीही मामाच म्हणत असे.

त्या दालनात फळांचे एक यंत्र होते. दांडा ओढला की काचेआड तीन चाके फिरत. त्यांवर चेरी, लिंबू, कलिंगड अशी चित्रे. तिन्ही सारखी आली की तिकिटे बाहेर पडत आणि तिकिटांच्या बदल्यात खेळणी मिळत. परदेशी मद्यालयांतून असली यंत्रे रोख पैसे गिळतात, असे ऐकून आहे. येथे कायदा आणि धर्म दोन्ही त्याला आड येतात. म्हणून त्याचे हे धाकटे भावंड मुलांच्या नावावर चालत असे. मला ते पहिल्या दिवसापासून आवडले नाही. रस्ते बांधणाऱ्या कंपनीत मी आयुष्यभर मोजणीचे काम केले. जे मोजता येत नाही, त्याच्यापुढे तोंड वासून उभे राहणे मला मूर्खपणाचे वाटते. चिरंजीव श्रीरंग आग्रहाने घेऊन गेला, म्हणून एकदा टोकन टाकले. लिंबू, कलिंगड, चेरी.

“हरलात, सायब!” मागून आवाज आला. “ह्यां घेवा, नि आता घराक चला. चाय थंड होता थय.”

माझ्या हातात पत्र्याची एक पिपाणी ठेवलेली होती. श्रीरंग खो खो हसला. पाठोपाठ तोही हरला, त्यालाही पिपाणी मिळाली, आणि आम्ही खरोखरच घरी जाऊन चहा घेतला.

ही रीत मामांनी घरून आणली होती. ते सिंधुदुर्गातले. त्यांच्या वडिलांचे जत्रेत कड्या फेकण्याचे दुकान असे. फळीवर साबण, आरसे, फण्या मांडायच्या. ज्या वस्तूवर कडी पडेल ती गिऱ्हाइकाची. कडी बहुधा पडत नसे. मग वडील गिऱ्हाइकाकडे बोट करून ओरडत, “हरलो रे!”, म्हणजे हा हरला, आणि हरलेल्याला पिपाणी देऊन, पाठीवर थाप मारून खाज्याच्या, म्हणजे मिठाईच्या, दुकानाकडे पिटाळत. मामा म्हणत, “हरलेल्याक हरलो म्हणान सांगूक व्हया, सायब. नायतर तो थयच उभो रवता.” आणि पुढे, “हात रिकामो जावक नको, नि पाय थांबाक नको. तेवढा केला की दुकान चलता.” दर रजेवरून परत येताना ते स्वखर्चाने पिपाण्यांची पेटी घेऊन येत. अर्बाब, म्हणजे दालनाचे ओमानी मालक, यांना ही रीत पसंत होती. ते स्वतः कधी आले तर एक टोकन टाकत, हरत, आणि ‘खलास!’ म्हणून पिपाणी वाजवत कचेरीत जात.

शुक्रवारी सुट्टी, म्हणून गुरुवारची संध्याकाळ कुटुंबांची असे. निझवा शहराच्या बाजारात भांड्यांचे दुकान असलेले रत्नागिरीचे मुश्ताकभाई महिन्यातून एकदा मुलाबाळांसह येत. यंत्रापुढे उभे राहण्याआधीच ते मामांना बजावत, “या टायमाला तुमची पिपाणी नेनार नाय, हां! घरात बँड उभा राहिलाय.”

“मग जिंका!” मामा म्हणत. “कोणी अडवल्यान हा?”

मुश्ताकभाई हरत. सारे कुटुंब एका सुरात ‘हरलात!’ म्हणून ओरडे. मग ते जेवायला जात. खेळ मला तेव्हाही क्षुद्रच वाटे. पण त्याला शेवट होता, आणि तो शेवट एक माणूस ठरवत होता.

मामांना पैशांचा मोह नव्हता, गरज होती. गावच्या घराची कौले गळत होती. तेथे स्लॅब टाकायचा आणि मगच परतायचे, असा त्यांचा निश्चय. “आणखी दोन वर्षां, सायब. स्लॅब पडलो की मी सुटलंय.” हे वाक्य मी त्यांच्या तोंडून अनेकदा ऐकले.

पुढे अर्बाब वृद्ध झाले आणि कारभार एका नव्या मॅनेजरकडे गेला. हे गृहस्थ उत्तम इस्त्रीचा सदरा घालत, आणि गिऱ्हाइकाला ‘युजर’ म्हणत. त्यांनी फळांचे जुने यंत्र काढून भिंतभर नवी यंत्रे बसवली. दांडा गेला, बटण आले. टोकन गेले, कार्ड आले; ते फोनवरूनच भरता येई, म्हणजे खिसा रिकामा झाल्याचे हाताला कळण्याची सोयही गेली. नव्या यंत्रात दोन चेऱ्या हटकून येत आणि तिसरी अगदी ओळीजवळ येऊन थांबे. मग दिवे लखलखत, विजयाची धून वाजे आणि पडद्यावर अक्षरे नाचत: थोडक्यात हुकलं! माणूस हरला की बँड वाजवायचा! इतका निर्लज्ज प्रकार मी क्वचितच पाहिला असेल.

मॅनेजरांनी मामांना बोलावून सांगितले, “मामा, वो हरलात-बिरलात बंद. नेगेटिव वर्ड है. आप बोलो, ऑलमोस्ट!”

“ऑलमोस्ट म्हणजे काय, सायब?” मामांनी त्या दिवशी मला विचारले.

“जवळजवळ,” मी सांगितले.

“म्हणजे हरलोच ना?”

पिपाण्याही बंद झाल्या. पेटी जिन्याखालच्या खोलीत गेली. मामा गप्प उभे राहू लागले. दोन वर्षांचा प्रश्न होता.

गंमत म्हणून येणारी माणसे प्रथम गेली. त्यांना कोणी घालवले नाही; त्यांना नुसते बरे वाटेनासे झाले. मुश्ताकभाई शेवटचे आले तेव्हा त्यांनी कार्ड अर्धेच वापरले आणि मुलांना बाहेर काढले. दारात मामांना म्हणाले, “मामा, आदी ही मशीन खेळायची. आता भीक मागते. भेटू इन्शाल्ला, पन इथं नाय.” गुरुवारची संध्याकाळ ओस पडली. त्याऐवजी रोज तेच चार-सहा पुरुष दिसू लागले. एकटे येत, एकमेकांशी बोलत नसत, खेळण्यांची तिकिटे जमिनीवर तशीच टाकून जात. नोकरदार, शिकलेले, मुलांच्या खेळण्यापुढे ताटकळणारे हे बाप्ये पाहून मला शिसारी येई.

एका संध्याकाळी मामा जिन्यात भेटले. इकडेतिकडे पाहून हळू आवाजात म्हणाले, “सायब, राग मानू नका. तुमचो झील, श्रीरंगबाबू, गुरवारी येणा नाय आता. रोज येता.”

मी दुसऱ्या दिवशी गेलो. श्रीरंग यंत्रापुढे उभा होता. गळ्यात कचेरीचे ओळखपत्र, डोळे चाकांवर. मी शेजारी जाऊन उभा राहिलो, ते त्याला कळले नाही. दोन चेऱ्या आल्या, तिसरी ओळीपाशी थांबली, धून वाजली. त्याने बटणाकडे हात नेला.

तेवढ्यात मामा पुढे झाले. समोर काउंटरपाशी मॅनेजर उभे होते. मामांनी त्यांच्याकडे एकदा पाहिले. मग मान वर केली आणि पूर्वीच्याच आवाजात म्हणाले, “हरलात, श्रीरंगबाबू! ह्यां घेवा, नि घराक चला.”

त्यांच्या हातात पिपाणी होती. जिन्याखालच्या खोलीतून त्यांनी ती मुद्दाम आणलेली असणार.

श्रीरंगने तो हात बाजूला सारला. पिपाणी फरशीवर पडली. “मला काय लहान मूल समजता, मामा? थोडक्यात हुकलंय. दिसत नाही?”

“दिसता,” मामा म्हणाले. “हरलात तां दिसता.”

“मामा, केबिन में आओ,” मॅनेजर म्हणाले. मामांनी वाकून पिपाणी उचलली, सदऱ्याला पुसली आणि ते त्यांच्यामागून गेले. श्रीरंगने बटण दाबले. मी त्याचा दंड धरून त्याला बाहेर आणले. गाडीत तो एवढेच म्हणाला, “बाबा, तुम्ही उगाच तमाशा केलात.”

मामांची नोकरी गेली, आणि नोकरीबरोबर व्हिसाही. निघण्याच्या आदल्या दुपारी ते आमच्याकडे निरोप घ्यायला आले. स्लॅबचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. चहा झाल्यावर त्यांनी खिशातून तीच पिपाणी काढली. एका बाजूने ती चेपली होती.

“ही तुमच्या झिलाक देवा. पण आदी त्येका हरलो म्हणान सांगा. माझा त्येना ऐकला नाय. मी बायरचो. तुमी बापूस.”

“तुमचे नुकसान झाले, मामा,” मी म्हणालो.

“झाला,” ते म्हणाले. “हरलंय मी. म्हणान तर घराक चाललंय.” आणि हसले. खाली उतरून त्यांनी हात हलवला, मीही हलवला.

मामांची नोकरी गेल्याचे मी श्रीरंगला सांगितले. तो म्हणाला, “मी त्यांना बोलवलं नव्हतं.” या उत्तराची मला अजून किळस वाटते. पिपाणी मी त्याला दिली नाही, खणात ठेवली.

मॅनेजरांचा हिशेब फसला. गमतीने येणारे परतले नाहीत, आणि जे उरले होते त्यांना मॉलपर्यंत गाडी हाकण्याचीही गरज उरली नाही. तेच यंत्र फोनमध्ये येऊन बसले. दालन बंद झाले. आज तेथे गाद्यांचे दुकान आहे. श्रीरंग मात्र रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी बसून अंगठ्याने तीच चेरी, तेच लिंबू, तेच कलिंगड फिरवत असतो. आता त्याला खेळणेही मिळत नाही. समोर पोळी निवत असते.

परवा मी खणातून पिपाणी काढली. टेबलाशी गेलो. फोनमधून ती विजयाची धून वाजली.

“हरलास,” मी म्हणालो आणि पिपाणी त्याच्या ताटाशी ठेवली.

त्याने मान वर केली. “बाबा, थोडक्यात—”

“नाही. हरलास.”

पिपाणी उचलून त्याने उलटसुलट पाहिली, चेपलेल्या बाजूवरून बोट फिरवले. फोनवर चाके फिरतच होती. मग त्याने विचारले, “मामा कुठे असतात आता?”

“घरी,” मी म्हणालो. “गळक्या कौलांखाली.”

त्याने फोन उपडा ठेवला. तो किती वेळ तसा राहतो, ते मी पाहिले नाही. मी त्याच्यापुढची थंड पोळी उचलली आणि गरम पोळी वाढली.