दादाची पाळत

एप्रिल आला तरी कॅनडात, आमच्या ब्रॅम्पटनला बर्फ पडतच होता. ड्राइव्हवे शोव्हल करत होते, तेवढ्यात भाच्याचा, अनिकेतचा फोन आला. "आत्या, बाबा गेले... झोपेतच." माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो दादालाच शोभणारा... नक्की? कुणी नीट तपासलं का?

दादा पिंपरीच्या कारखान्यात आयुष्यभर इन्स्पेक्शनला होता. माल पास करण्यापेक्षा नापास करण्यात त्याचा हात बसलेला. वहिनी गेल्यावर तो इथल्या, कॅनडातल्याच केंब्रिजला मुलाकडे आला, तो हा स्वभाव घेऊनच. इथे तपासायला काही नव्हतं, म्हणून त्याने बॅकयार्ड तपासायला घेतलं. अंगठ्याएवढा हमिंगबर्ड हवेत एका जागी थरथरताना त्याने प्रथम पाहिला, आणि त्याला वेडच लागलं. पण नर्सरीतल्या 'हमिंगबर्डसाठी' अशा लेबलांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. "लेबल काय, कुणीही चिकटवेल." दुहेरी पाकळ्यांचे पेटुनिया नापास झाले, नुसता थाट, आत मध नाही. लाल झुपक्यांचा बी बाम आणि नळीसारख्या फुलांचा हनीसकल तेवढे पास. शेपू-कोथिंबीर तर त्याने मुद्दाम फुलू दिली. सून मृण्मयी वैतागली, "बाबा, भाजीसाठी लावली होती ना?"

"या फुलांवर बारीक माश्या येतात. त्यांच्या अळ्या झाडांवरची माव्याची कीड खातात. आपली कोथिंबीर ग्रोसरीतून आण."

एका उन्हाळ्यात बी बामखाली मेलेले भुंगे सापडू लागले. संशय गेला कुंपणापलीकडच्या मारियावर. ती पोर्तुगालहून आलेली विधवा, गुलाबांवर जीव टाकणारी. दादा दुर्बीण घेऊन खुर्ची टाकून बसू लागला. एका शनिवारी मी तिथेच होते, आणि दारात पोलीस! हा माणूस माझ्या खिडकीत बघतो, अशी मारियाची तक्रार होती. अनिकेतने माफी मागून त्यांना वाटेला लावलं आणि हात पुढे केला. "बाबा, इनफ. दुर्बीण द्या." दादाने ती दिली आणि न जेवता खोलीत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेलेले भुंगे कागदी प्लेटमध्ये घेऊन तो मारियाच्या दारात उभा राहिला. भांडण होणार म्हणून मी मागे धावले.

"यांना तुम्ही मारलंत," दादा इंग्रजीत म्हणाला.

"आणि तू माझ्या खिडकीत काय बघतोस?"

"खिडकीत नाही. तुमच्या हातात."

तिने प्लेट हातात घेऊन भुंगे जवळून पाहिले. मग आत जाऊन पावडरचा डबा घेऊन आली. नवरा असल्यापासून गुलाबांवरच्या माव्यासाठी ती हीच टाकत होती. दादाने तिला आमच्या बागेत नेलं आणि शेपूच्या दांड्यावर मावा खाणारा लाल ढालकिडा दाखवला. तिचा मुळीच विश्वास बसला नाही.

"एक उन्हाळा पावडर बंद," ती म्हणाली. "गुलाब गेले तर तुझी सगळी झाडं मी उपटणार."

"आणि पावडर दिसली तर?"

"तर पोलीस तू बोलव."

पुढच्या जूनमध्ये गुलाब माव्याने काळवंडले. मारिया कुंपणापाशी येऊन शिव्या घालायची, दादा "थांबा" म्हणायचा, पण त्याचाही चेहरा उतरलेला असे. मग ढालकिडे पलीकडे गेले, मावा ओसरला, गुलाब तगले. तरी दादाने मारियाला कधी पास केलं नाही. मी विचारलं की म्हणायचा, "सध्या ठीक आहे." तीही काही कमी नव्हती; तो कुठे बघतोय हे दिवसातून दहादा बघायची. दोघं एकमेकांवर पाळत ठेवता ठेवता संध्याकाळी कुंपणाशी गप्पा मारू लागले, ते शेवटपर्यंत.

फ्युनरल होमला ती काळ्या कपड्यांत आली. माझा हात धरून म्हणाली, "आता माझ्यावर लक्ष कोण ठेवणार?"

जून उजाडल्यावर, गेल्या आठवड्यात केंब्रिजला गेले, दादाच्याच खोलीत झोपले. सकाळी पडदा सारला. मारिया गुलाबांच्या कळ्यांवर वाकली होती. खिडकीत हालचाल दिसताच ती दचकून सरळ झाली. क्षणभर वर बघत राहिली... आणि मग तिने दोन्ही रिकामे हात उंच करून दाखवले.